नोटेवरील वचन



आजच्या भाषणाचा विषय मीं निवडलेला नाहीं. तो मला आमच्या आत्यानें दिला. २०१७ सालच्या उन्हाळ्यांत एके सकाळीं तिनें पोथीचें फडकें सोडलें आणि पानांच्या मधून पांचपांचशेंच्या चार जुन्या नोटा खालीं पडल्या. केव्हां ठेवल्या, कोणासाठीं ठेवल्या, तिला आठवेना. वय अठ्ठ्याऐंशींच्या घरांत. मी त्या घेऊन बँकेंत गेलों. खिडकीमागील गृहस्थांनीं नोटा हातांतही घेतल्या नाहींत. "मुदत डिसेंबरलाच संपली, गुरुजी," एवढेंच ते म्हणाले, आणि ते खरेंच बोलत होते. घरीं परत आलों. आत्यानें चष्मा लावला, एक नोट उजेडापुढें धरली आणि विचारलें, "अरे, येथें तर लिहिलें आहे कीं, हा कागद आणणाराला पांचशें रुपये देण्याचें मी वचन देतों. खालीं सहीसुद्धां आहे. मग हें वचन मोडलें कोणीं?"

मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. पण त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. वर्गांतील मुलें दरवर्षीं दुसरा एक प्रश्न विचारीत, तो या वेळीं आठवला: "गुरुजी, सरकारला नोटा छापतां येतात, तर तें गरिबांना छापून कां देत नाहीं?" "मग शेत कोण पिकवील?" असें म्हणून मी वेळ मारून नेत असें. मुलें हसत आणि तास संपे. आतां विचार करितां असें दिसतें कीं, म्हातारीचा प्रश्न आणि मुलांचा प्रश्न हे दोन नव्हेत. नोटेवरील वचन म्हणजे नेमकें काय, हें कळल्यावांचून दोहोंचेंही उत्तर मिळत नाहीं. आणि तें कळावयाचें तर चांदीच्या रुपयापासून सुरुवात केली पाहिजे.

असा एक रुपया आत्याच्या पेटींत आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं तो बाहेर निघतो. पंचम जॉर्जचा मुखवटा, साल १९१८. वजन बरोबर एक तोळा. हें वजन १८३५ सालीं कंपनी सरकारनें ठरवून दिलें होतें: १८० ग्रेन, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. त्यामुळें रुपया हें जसें नाणें होतें तसेंच तें वजनही होतें. आमच्या आज्यापणज्या औषधाची पूड 'रुपयाभार' घेत, आणि ऐंशीं रुपयांच्या भाराचा पक्का शेर होई. त्या काळीं कोणीही सराफ चांदीची लगड टांकसाळींत नेई आणि ठराविक खर्च देऊन तिचे रुपये पाडून आणी. रुपयावर कसलेंही वचन लिहिलेलें नव्हतें. तें लिहिण्याचें कारणच नव्हतें; जें द्यावयाचें तें त्या नाण्यांतच होतें.

वचनाची गरज पडली ती कागदामुळें. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील इलाखा बँकांना पूर्वीं आपापल्या नोटा काढण्याचा हक्क होता. १८६१ च्या कायद्यानें तो सरकारनें आपल्याकडे घेतला आणि १८६२ च्या मार्चपासून सरकारी नोटा सुरू झाल्या. सर्वांत लहान नोट दहा रुपयांची. पांचाची पुढें १८७१ सालीं निघाली. दहा रुपये ही तेव्हां लहान रक्कम नव्हती, म्हणून सामान्य माणसाच्या हातीं नोट कधीं पडतच नसे. ती व्यापाऱ्याची वस्तु होती. सरकारी कचेरींत नोट टाकावी आणि खणखणीत रुपये मोजून घ्यावे, असा तिचा अर्थ होता. सरकारला भुरळ पडूं नये म्हणून कायद्यानें एक कुंपणही घातलें होतें: चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटा सरकारी रोख्यांच्या तारणावर काढाव्या, त्यापुढील प्रत्येक नोटेमागें तेवढें नाणें किंवा चांदीसोनें तिजोरींत प्रत्यक्ष असलें पाहिजे.

तरीही वचन सर्वत्र सारखें चालत नसे. सबंध देशाचे विभाग पाडलेले होते आणि ज्या विभागाची नोट त्याच विभागांत ती हक्कानें वटे. मुंबईच्या विभागाखालीं नागपूर, अकोला, कराची अशीं पोटठाणीं होतीं. मुंबईची नोट घेऊन कलकत्त्यास गेलेल्या माणसाला सराफाकडे बट्टा देऊन मोड घ्यावी लागे. म्हणजे सरकारचा शब्द अर्ध्या वाटेवर स्वस्त होई! ही अडचण १९०३ ते १९११ या काळांत पांच, दहा, पन्नास व शंभर यांच्या नोटा टप्प्याटप्प्यानें सर्वत्र चालूं लागल्या तेव्हां दूर झाली. त्याआधींचीच दुसरी एक रीत मला फार आवडते. दूर गांवीं पैसे पाठवावयाचे तर व्यापारी नोट मधोमध कापीत, अर्धा तुकडा टपालानें धाडीत आणि पोंच आल्यावर उरलेला अर्धा रवाना करीत. दोन्ही तुकडे जुळले कीं नोट पुरी झाली. सरकारच्या वचनावर त्यांचा विश्वास होता, वाटेवर नव्हता.

पुढें १८९३ साल उजाडलें. जगांत चांदी स्वस्त होत चालली होती, आणि हिंदुस्थान सरकारला लंडनचें देणें सोन्यांत फेडावें लागे. तेव्हां २६ जून १८९३ रोजीं सरकारनें टांकसाळी लोकांना बंद केल्या. रुपया पाडावयाचा तो सरकारनें, इतरांनीं नाहीं. आणि त्याची किंमत चांदीवर न ठेवतां पुढें १ शिलिंग ४ पेन्स अशी बांधली. रुपयाची किंमत अशी चढविली म्हणजे रयतेवरील कराचा बोजा न बोलतां वाढतो, असें दादाभाई नौरोजी ओरडून सांगत होते. तें कोणीं ऐकलें नाहीं. आपल्या विषयापुरतें महत्त्वाचें एवढेंच कीं, त्या दिवसापासून नाण्यांतील चांदी एक मोलाची आणि नाणें दुसऱ्या मोलाचें झालें. रुपया धातूचा राहिला, पण त्याच्या किमतींतील कांहीं हिस्सा आतां चांदी नसून सरकारचा शब्द होता.

या शब्दाची कसोटी पहिल्या महायुद्धांत लागली. हा भाग थोडा विस्तारानें सांगतों, कारण पाठ्यपुस्तकांत तो नसतो आणि आत्याच्या रुपयावरील सालाशीं त्याचा संबंध आहे.

युद्धासाठीं इंग्लंडला आपल्याकडून ताग, गहूं, कातडीं, कापड, सारेंच हवें होतें. मेसापोटेमियांतील फौजेचा खर्चही येथून भागे. येथील शेतकऱ्याला व मजुराला पैसे रुपयांत द्यावे लागत, त्याची भरपाई मात्र लंडनमध्यें जमा होई. इकडे नोटा वाढूं लागल्या. १९१४ च्या मार्चमध्यें त्या सुमारे ६६ कोटींच्या होत्या. १९१९ च्या मार्चमध्यें सुमारे १५३ कोटींच्या झाल्या. तारणाचें कुंपण सरकारनें पुनःपुन्हां मागें हटविलें. आणि ऐन वेळीं चांदी महाग झाली. लंडनच्या बाजारांत औंसाला ४३ पेन्सांच्या वर भाव गेला कीं रुपयांतील चांदी रुपयापेक्षां अधिक मोलाची ठरे. १९१७ च्या ऑगस्टमध्यें तो टप्पा आला. मग नाणें कोण खर्चणार? लोक रुपये पुरूं लागले, वितळवूं लागले. वितळविण्यास बंदी झाली, खासगी चांदीची आयात बंद झाली, हुंडणावळीचा दर चढविला गेला. नोव्हेंबर १९१७ मध्यें एक रुपयाची नोट निघाली, आणि पुढील जानेवारींत अडीच रुपयांची. दोन रुपये आठ आण्यांची नोट! आज ती संग्रहालयांत पाहून हसूं येतें. त्या वेळीं तिच्याकडे पाहून लोकांना धडकी भरली असावी, कारण सरकारजवळ रुपये उरले नाहींत हें त्या कागदानेंच उघड सांगितलें.

१९१८ च्या वसंतांत फ्रान्समध्यें जर्मनांनीं मुसंडी मारल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबईच्या करन्सी कचेरीपुढें नोटा वटविणारांची रीघ लागली. खेड्यापाड्यांतून नोटेवर बट्टा कापला जाऊं लागला. तिजोरींतील रुपयांचा सांठा दिवसेंदिवस घटत अवघ्या कांहीं कोटींवर आला. आणखी थोडे आठवडे असे गेले असते तर "रुपये नाहींत" असें सरकारला जाहीर करावें लागलें असतें, आणि युद्ध चालू असतां तसें जाहीर करणें म्हणजे काय, हें दिल्ली व लंडन येथें सर्वांना ठाऊक होतें.

सुटका आली ती अमेरिकेंतून. तेथील सरकारच्या तळघरांत चांदीचे डॉलर पडून होते. वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकील लॉर्ड रीडिंग (हेच पुढें १९२१ सालीं आपले व्हाइसरॉय झाले) यांनीं बोलणीं लाविलीं, आणि २३ एप्रिल १९१८ रोजीं तेथें पिटमन कायदा मंजूर झाला. सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठीं मिळाली. पंचवीस कोटींहून अधिक डॉलर वितळवून त्या चांदीच्या लगडी केल्या, त्या जहाजांतून आपल्या टांकसाळींत आल्या आणि त्यांचे रुपये पडले. एवढी चांदी येते आहे, ही बातमीच रीघ ओसरावयास पुष्कळ कारण झाली. आत्याच्या पेटींतला १९१८ चा रुपया अमेरिकेच्या डॉलरांतून जन्मला असेल काय? असेलही. मी तो हातांत घेतों तेव्हां हा विचार येतो खरा.

त्या वेळीं वचन पाळलें गेलें. पण दुसऱ्याच्या तळघरांतील चांदीवर पाळलें गेलें, हें विसरतां कामा नये.

या सगळ्यावर एका मराठी माणसानें त्या काळीं मोठा ग्रंथ लिहिला. डॉक्टर भीमराव आंबेडकर यांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी' हा प्रबंध १९२३ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. १९२५ सालीं त्यांनीं हिल्टन यंग कमिशनपुढें साक्षही दिली. याच कमिशननें मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, तींतून रिझर्व्ह बँक निघाली आणि १ एप्रिल १९३५ पासून तिचें काम सुरू झालें. बँकेची कल्पना आंबेडकरांचीच होती असें कांहीं लोक उत्साहानें म्हणतात. त्यांच्या थोरवीला त्या भरीची गरज नाहीं. त्यांचें खरें म्हणणें अधिक मोलाचें आहे. नोट किंवा रुपया कशाच्या बदल्यांत वटतो, तिजोरींत तारण किती आहे, याकडे सारे पाहतात. पण पैशाचें मोल टिकतें तें तो किती काढावा याला मर्यादा असते म्हणून. ती मर्यादा कारभाऱ्यांच्या मर्जीवर सोडूं नये, असा त्यांचा आग्रह होता. तिजोरी भरलेली असूनही पैसा नासूं शकतो, हें त्यांनीं वीस वर्षें आधीं ओळखलें होतें.

वीस वर्षें म्हणतों तें अशासाठीं कीं, दुसऱ्या महायुद्धानें अगदीं तेंच करून दाखविलें. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां नोटा सुमारे १८० कोटींच्या होत्या. १९४६ मध्यें त्या १२०० कोटींच्या वर गेल्या. आणि ऐका, कायदा कोठेंही मोडला नाहीं! इंग्लंड येथें माल घेई, त्याची किंमत लंडनमध्यें स्टर्लिंग रोख्यांत रिझर्व्ह बँकेच्या नांवें जमा होई, आणि ते रोखे कायद्यानें मान्य केलेलें तारण असल्यामुळें त्यांवर येथें हव्या तेवढ्या नोटा काढतां येत. तारण भरपूर होतें. बाजारांत मात्र धान्य, कापड, रॉकेल वाढलें नव्हतें. उलट बरेंचसें फौजेकडे जात होतें. घाऊक भाव सुमारे अडीचपट झाले. मुलांनीं वर्गांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. सरकारनें नोटा छापल्या आणि वाटल्याही. ज्यांच्या हातीं त्या आधीं पडल्या त्यांनीं माल उचलला, आणि ज्यांच्यापर्यंत त्या पोंचल्याच नाहींत त्यांनीं किंमत भरली.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ नोटांनींच आणला, असें म्हणणें सोपेपणाचें होईल. ब्रह्मदेश पडल्यानें तिकडचा तांदूळ बंद झाला होता, वादळानें पीक नेलें होतें, नावा सरकारनें काढून घेतल्या होत्या. परंतु कलकत्त्यांत युद्धखर्चाचा पैसा खेळत असतां खेड्यांतील मजूर, कोळी, कुंभार यांच्या हातीं जवळजवळ पूर्वीचीच मजुरी होती. तांदूळ होता तेथेंही तो त्यांना घेतां येईना. लाखों माणसें गेलीं.

आमच्याकडे त्या वर्षांत वेगळीच चणचण होती. खुर्दा नाहींसा झाला. दुकानदार मोड म्हणून टपालाचीं तिकिटें देत. तांबें वांचविण्यासाठीं सरकारनें मधोमध भोंक असलेला पैसा काढला. आत्या तेव्हां चौदा वर्षांची होती आणि असे पैसे दोऱ्यांत ओंवून मैत्रिणी गळ्यांत घालीत, असें ती सांगते. रुपयाची चांदी १९४० सालीं बारांत अकरा भागांवरून निम्म्यावर आली. जुने सकस रुपये टप्प्याटप्प्यानें परत मागविले आणि १९४३ पर्यंत चलनांतून रद्द केले. आजोबांनीं घरांतील रुपये भरले. हा १९१८ चा तेवढा देव्हाऱ्यांत राहून गेला. म्हणजे रद्द तोही झालेला आहे, बरें का! पण त्याच्यांतील चांदी रद्द करतां आली नाहीं. १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला आणि ती गोष्टही संपली.

याच काळांत वचनाच्या अर्थांत एक बारीक फेरफार झाला. १९४० सालीं एक रुपयाची नोट पुन्हां निघाली, ती रिझर्व्ह बँकेची नव्हे, सरकारची. आणि ती कायद्यानें रुपयाच्या नाण्यासारखीच मानावी असें ठरलें. श्रोत्यांनीं आपल्या घरीं ती असल्यास काढून पाहावी. तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवाची सही असते, आणि वचन लिहिलेलें नसतें. शंभराच्या नोटेवर शंभर रुपये देण्याचें बँकेचें वचन. तें मागावयास गेलों तर बँकेनें एकेक रुपयाचीं शंभर नाणीं किंवा तसे शंभर कागद पुढें केले कीं तें पुरें झालें. बँकेनें दिलेल्या वचनाचा शेवट सरकारच्या, वचन नसलेल्या कागदाशीं होतो. यांत फसवणूक नाहीं. जगांतील बहुतेक देशांत आज अशीच व्यवस्था आहे. मात्र वचन पाळलें जातें कीं नाहीं हें आतां करन्सी कचेरीच्या खिडकीवर कळत नाहीं, तें वाण्याच्या दुकानांत कळतें.

नोट रद्द करण्याचा अधिकार मात्र वेगळा, आणि तो तीनदां वापरला गेला. १२ जानेवारी १९४६ रोजीं पांचशें, हजार व दहा हजार यांच्या नोटा वटहुकुमानें रद्द झाल्या. काळाबाजारवाल्यांना पकडावें हा हेतु. सुमारे १४४ कोटींपैकीं ९ कोटींच्या तेवढ्या परत आल्या नाहींत. १९७८ च्या जानेवारींत हजार, पांच हजार व दहा हजार यांची पाळी आली. मी तेव्हां नुकताच मिसरूड फुटलेला होतों. आमच्या आळींत हजाराची नोट कोणीं पाहिलेलीच नव्हती, म्हणून कोणाच्या चुलीवरचें आधण थांबलें नाहीं. ८ नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट निराळी. त्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, म्हणजे चलनाच्या किमतीपैकीं सुमारे ८६ टक्के. मी स्वतः तीन सकाळीं रांगेंत उभा होतों. शेवटीं ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली, हें रिझर्व्ह बँकेनेंच सांगितलें आहे. जी आली नाहीं, तींत आत्याचे दोन हजार आहेत.

तिच्या प्रश्नाचें कायदेशीर उत्तर आतां मला देतां येतें. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याच्या २६ व्या कलमांत हा अधिकार सरकारला आहे, आणि २०१७ सालीं वेगळा कायदा करून त्या नोटांपुरती बँकेची जबाबदारी संपविली गेली. २ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं २०१६ चा निर्णय वैध ठरविला. एकट्या न्यायमूर्ति नागरत्ना यांचें मत असें पडलें कीं, एवढी गोष्ट करावयाची तर ती संसदेच्या कायद्यानें करावयास हवी होती. मास्तराला कायद्यांतलें कळत नाहीं. पण १८६१ पासूनचा इतिहास पाहतां मला तें मत जवळचें वाटतें.

आणि मर्यादेचें काय? स्वातंत्र्यानंतर तारणाचें जुनें प्रमाण १९५६ सालीं सोडून दिलें. त्याऐवजीं एक किमान सांठा ठेवला, जो १९५७ पासून २०० कोटींचा आहे. त्यांतील ११५ कोटींचें सोनें. नोटा आज लाखों कोटींच्या आहेत, म्हणजे हा सांठा नांवापुरताच. त्याच सुमारास अशी वहिवाट पडली कीं, केंद्र सरकारची शिल्लक कमी झाली कीं रिझर्व्ह बँकेनें आपोआप सरकारी हुंड्या घेऊन ती भरून द्यावी. ही वहिवाट चाळीस वर्षें चालली आणि १९९७ च्या मार्चअखेर करार करून ती बंद केली. माझ्या मतें रुपयाच्या इतिहासांत हा दिवस १९१८ च्या जहाजांइतकाच महत्त्वाचा आहे. पण वृत्तपत्रांतून त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. पुढें २०१६ सालीं, नोटाबंदीच्या थोडें आधीं, भाववाढ चार टक्क्यांच्या आसपास, फार तर सहापर्यंत, ठेवण्याचें काम कायद्यानें रिझर्व्ह बँकेवर सोंपविलें गेलें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर प्रत्येक महागाईचा दोष छापखान्यावर टाकण्याची संवय लागावयाची. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी होतों. मिलोची तांबडी भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी मला अजून आठवते. त्या वर्षीं ज्वारी महागली ती पाऊस पडला नाहीं म्हणून, आणि पाठोपाठ १९७३ सालीं अरबांनीं तेलाचे भाव चौपट केले म्हणून. नोटांना आवर घालून पाऊस पडत नाहीं.

गेल्या दिवाळींत आत्या सत्त्याण्णव वर्षांची झाली. पूजेच्या ताटांत तिनें नेहमींप्रमाणें तो १९१८ चा रुपया ठेवला. मीं तिला हें सारें सांगितलें, कलम, निकाल, सगळें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्या चार नोटा ठेवूं कीं टाकूं?" मीं सांगितलें, अशा दहांपेक्षां अधिक नोटा जवळ ठेवण्यास कायद्यानें मनाई आहे, तुझ्याजवळ चारच आहेत, ठेव. तिनें त्या पुन्हां पोथींत घातल्या आणि फडक्याला गांठ मारली.